थर्मोस्टॅट म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे: इंग्लंडातल्या थंडीत घर गरम ठेवायचं आणि बिलही आवरायचं

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला, घड्याळं तासभर मागे गेली की इथे दुपारी साडेचार-पाचलाच अंधारून येतं, आणि नव्याने आलेल्या आपल्या लोकांचे तेच दोन प्रश्न सुरू होतात, हीटिंग कितीवर ठेवता आणि महिन्याला किती येतं. आम्ही रेडिंगला राहतो, आधी सहा वर्षं एका व्हिक्टोरियन टेरेसमध्ये, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या जुन्या घरांच्या रांगेतल्या एका घरात, भाड्याने काढली (भिंती नुसत्या विटांच्या, आत पोकळी नाही, दाराला मोठ्ठं लेटरबॉक्स आणि त्यातून भर्रर्र वारा), त्यामुळे थंडीत काय काय मूर्खपणा करता येतो तो सगळा करून झालाय. तेच इथे लिहितेय. गॅसवरचा कॉम्बी बॉयलर (टाकी न ठेवता नळाचं आणि रेडिएटरचं, दोन्ही पाणी तापवणारा) आणि पाण्याचे रेडिएटर आहेत असं धरून चाललेय कारण बहुतेकांकडे तेच असतं.

सुरुवात बाबांपासून करते. बाबा नाशिकहून पहिल्यांदा जानेवारीत आले, आयुष्यभर वीजमंडळात नोकरी केलेला माणूस, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला उठून त्यांनी थर्मोस्टॅट तीसवर केला. का, तर "लवकर तापेल". मी सातला खाली आले तर घराची भट्टी, नवरा हाफ पँटवर चहा करतोय आणि आई खिडकी उघडून वारा घेतेय.

थर्मोस्टॅटला वेग कळत नाही, ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की अर्धं काम झालं. तो पंख्याचा रेग्युलेटर नाहीये की पाचवर केला की जोरात फिरेल. तो फक्त बघतो की खोली सांगितलेल्या डिग्रीला पोचली का, नसेल तर बॉयलरला म्हणतो चालू राहा, पोचली की म्हणतो बस. वीसवर ठेवा नाहीतर तीसवर, वीसपर्यंत पोचायला साधारण तेवढाच वेळ लागणार, फरक एवढाच की तीसवर ठेवून विसरलात तर तो वीसच्या पुढेही गॅस जाळत बसणार. आपल्याकडे एसी सोळावर केला की लवकर गार होतं असं समजतात ना, तीच ही गंमत उलट्या बाजूने. (भारतात २०२० पासून नव्या एसींना डिफॉल्ट २४ डिग्री ठेवणं सक्तीचं झालं, ते उगाच नाही.)

मग कितीवर ठेवायचं? धडधाकट माणसांच्या घरात १८ ते २१ च्या मध्ये कुठेतरी. आम्ही दिवसा १९ वर असतो, आईबाबा आले की २१. १८ च्या खाली म्हाताऱ्या माणसांसाठी जाऊ नका, काटकसर म्हणून तर अजिबात नको, थंडीने बीपी वाढतं, छातीचा त्रास वाढतो. तान्हं बाळ असेल तर त्याच्या खोलीला इथे १६ ते २० डिग्री सांगतात, आणि हे ऐकून आपल्या प्रत्येक आजीचा जीव वरखाली होतो पण बाळाला तीन टोपडी घालून २५ मध्ये झोपवण्यापेक्षा हेच बरं, इथल्या हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळासाठी घरी येणाऱ्या नर्स, त्याही तेच सांगतात.

एका डिग्रीने काय होतं, तर घरातली उष्णता बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या हिशेबाने. बाहेर ५ आणि आत २१ म्हणजे फरक १६ चा. तुम्ही १९ वर आलात तर फरक १४. म्हणजे सोळातले दोन वाचले, आठवा हिस्सा, तोही एक पैसा खर्च न करता नुसता पायमोजे घालून. बाबांना हे गणित मांडून दाखवलं तेव्हा ते जरा नरमले, कारण युनिटची भाषा त्यांची स्वतःची.

बिल वाचायचं कसं

इथे गॅसही विजेसारखाच किलोवॉट-अवरमध्ये मोजतात, म्हणजे आपलं युनिटच. मीटर मात्र घनमीटर दाखवतो (फार जुना असेल तर घनफूट), आणि एका घनमीटरला साधारण ११ युनिट पडतात. २०२५ मध्ये सरकारी नियामक ऑफजेमच्या प्राइस कॅपचे दर बघितले तर गॅसचं युनिट ६ ते ७ पेन्स आणि विजेचं २५ ते २७ पेन्स असं चाललं होतं, म्हणजे वीज गॅसच्या चौपट महाग. हा चौपट आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शिवाय काही वापरलं नाही तरी स्टँडिंग चार्ज असतोच, दोन्ही मिळून दिवसाला ८०-९० पेन्सच्या घरात, म्हणजे महिन्याला पंचवीसेक पौंड नुसते जोडणीचे.

कॅप म्हणजे तुमच्या बिलाला मर्यादा नाही हं. टीव्हीवर "सरासरी घराचं वर्षाचं बिल इतकं" म्हणून आकडा सांगतात आणि लोकांना वाटतं त्याच्यावर येणारच नाही. कॅप युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर असते, जाळाल तेवढं भराल, आणि दर तीन महिन्यांनी ती बदलते. ते "सरासरी घर" म्हणजे २०२५ च्या हिशेबात वर्षाला गॅस ११,५०० युनिट आणि वीज २,७०० युनिट, तुमचं घर त्याच्या कुठे बसतं ते बघायला हा आकडा उपयोगी आहे.

म्हणून आपला हिशेब पौंडात नको, युनिटमध्ये ठेवायचा. दर बदलतो, डायरेक्ट डेबिट तर वर्षभराचं सरासरी काढून कापतात त्यामुळे उन्हाळ्यात पैसे साचतात आणि थंडीत वळते होतात, बँकेतून गेलेल्या आकड्यावरून काहीच कळत नाही. बाबा आल्यापासून फ्रिजवर एक वही अडकवलीये, दर रविवारी सकाळी चहा झाला की दोन्ही मीटरचं रीडिंग आणि शेजारी "बाहेर कडक थंडी" किंवा "साधारण" एवढं लिहायचं. स्मार्ट मीटर असला तरी लिहा, आमचा स्मार्ट मीटर चार महिने सिग्नल गमावून बसला होता आणि कंपनीने अंदाजे रीडिंग लावून भलतंच बिल पाठवलं, शेवटी ह्या वहीतले आकडे दाखवल्यावर दुरुस्त झालं. बिलावर रीडिंगच्या पुढे "एस्टिमेटेड" लिहिलेलं दिसलं की लगेच खरं रीडिंग पाठवा.

बॉयलरची ती गोल बटणं, ज्यांना कोणी हात लावत नाही

सगळे थर्मोस्टॅटवरून भांडतात आणि खरी गंमत बॉयलरवर असते. कॉम्बी बॉयलरवर दोन सेटिंग असतात, एकावर नळाचं चित्र आणि दुसऱ्यावर रेडिएटरचं. रेडिएटरवालं म्हणजे बॉयलर रेडिएटरना किती गरम पाणी पाठवणार, फ्लो टेम्परेचर म्हणतात. बसवणारा माणूस ते बऱ्याचदा ७५-८० वर ठेवून जातो म्हणजे तक्रारीचा फोन यायला नको.

इंग्लंडात २००५ पासून नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच बसवावा लागतो. त्यातली युक्ती अशी की जळालेल्या गॅसमधली वाफ बाहेर जाण्याआधी तिचं पाणी केलं तर त्यातली उष्णताही आपल्याला मिळते, पण त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ डिग्रीच्या खाली असायला लागतं. ८० ने पाठवलंत तर परत येताना ते ६० च्या वरच, मग कंडेन्सिंगचा बॉयलर घेऊन उपयोग काय, वाफ आपली धुराड्यातून बाहेर आणि आपण पैसे भरतोय. म्हणून रेडिएटरचं सेटिंग आधी ६५ करा, दोन दिवस बघा, मग ६०, मग ५५. रेडिएटर हाताला आधीसारखा चटका देणार नाही, घर तापायला जास्त वेळ लागेल, त्यामुळे टायमर अर्धा-पाऊण तास आधीचा लावा. ज्या दिवशी बाहेर शून्याखाली जाईल आणि घर १९ ला पोचतच नाहीये असं दिसेल तेव्हा तेवढ्यापुरतं पाच-दहा डिग्री वर घ्या. आमच्या टेरेसला ६० च्या खाली कधी जमलं नाही, आताच्या घरात ५५ वर आरामात चालतं.

नळाचं सेटिंग ४८-५० पुरे. ६० वर ठेवून मग त्यात गार पाणी मिसळायचं हा शुद्ध अपव्यय. पण तुमच्याकडे कॉम्बी नसून गरम पाण्याची टाकी असेल, कपाटात तो मोठा सिलिंडर असतो तसा, तर त्या टाकीचं तापमान ६० च्या खाली आणू नका, साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. हा फरक नीट बघून घ्या. भाड्याचं घर असेल आणि बॉयलरला हात लावायची भीती वाटत असेल तर घरमालकाला किंवा एजंटला मेसेज टाकून विचारा, पण समोरचं झाकण न उघडता फिरणारी बटणं वापरणाऱ्यासाठीच असतात. झाकण उघडायचं काम मात्र फक्त गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या यादीत, नाव असलेल्या माणसाचं.

रेडिएटरवरचे आकडे

रेडिएटरच्या बाजूला १ ते ५ आकड्यांची जी मुठीएवढी चावी असते ती टीआरव्ही. तीही वेग वाढवत नाही! ३ म्हणजे त्या खोलीत साधारण २० डिग्री, मग ती स्वतःच पाणी बंद करते. झोपायच्या खोलीत २, कोणी राहत नाही त्या खोलीत १ आणि दार लावून ठेवायचं. पूर्ण बंद नको, गारठलेल्या खोलीत बाकी घराची दमट हवा जाऊन बसते आणि कपाटामागे बुरशी.

ज्या खोलीत भिंतीवरचा थर्मोस्टॅट आहे तिथला टीआरव्ही मात्र पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर रेडिएटर म्हणणार झालं पुरे आणि थर्मोस्टॅट म्हणणार अजून नाही, आणि ह्या दोघांच्या भांडणात बाकी सगळं घर तापत राहणार. थर्मोस्टॅट कुठे आहे हेही बघा. आमचा टेरेसमधला हॉलवेत, बरोब्बर लेटरबॉक्ससमोर होता, वारा त्याच्या अंगावर, त्यामुळे त्याला कायम वाटायचं घर गारच आहे. आत्ताचा वायरलेस आहे तर बाबांनी तो उचलून आपल्या खोलीत टेबलावर दिव्याच्या शेजारी नेऊन ठेवला, "दिसायला बरा". दिव्याच्या उबेने तो खूश, आणि खाली आम्ही तिघं शाल घेऊन बसलोय की बॉयलर बिघडला की काय. अर्धा दिवस शोधाशोध केली.

वर्षातून एकदा थंडीच्या आधी रेडिएटरमधली हवा काढा. वरचा भाग गार आणि खालचा गरम लागला की समजायचं हवा अडकलीये. हीटिंग बंद करून गार होऊ द्या, खाली फडकं धरा, छोटी चावी मिळते तिने वरच्या कोपऱ्यातला स्क्रू हळूच फिरवा, फुस्स आवाज येईल, पाणी यायला लागलं की बंद. मग बॉयलरचं प्रेशर बघा, गार असताना १ ते दीड बारच्या मध्ये हवं.

दिवसभर कमीवर चालू, की लागेल तेव्हा?

ह्याच्यावर आपल्या लोकांत दोन पक्ष आहेत आणि दोन्ही कट्टर. "सतत १७ वर ठेवलं की पुन्हा तापवायला कमी लागतं" असं पहिला पक्ष म्हणतो. भोक पडलेली बादली आठवा, जितकी भरलेली तितकी जोरात गळते. दिवसभर भरलेली ठेवलीत तर दिवसभर जोरात गळणार, रिकामी होऊ दिलीत तर गळणं कमी होत जातं, आणि संध्याकाळी भरायला लागणारं पाणी हे गळालेल्यापेक्षा जास्त कधीच नसतं. त्यामुळे गॅस बॉयलर आणि दिवसा घरात कोणी नाही, असं असेल तर टायमरच. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते साडेनऊ, असं काहीतरी. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत ओढणारं यंत्र) असेल तर गोष्ट वेगळी, तो मुळात ३५-४५ च्या कोमट पाण्यावर सावकाश चालायलाच बनवलाय, त्याला सारखं चालू-बंद करू नका.

तुमची बादली किती गळकी आहे हे एका रात्रीत कळतं. रात्री दहाला हीटिंग बंद करताना तापमान लिहा, सकाळी सहाला लिहा. टेरेसमध्ये आमचं १९ चं १३ व्हायचं, आत्ता १९ चं १७. पाच-सहा डिग्री उतरत असेल तर सेटिंगशी खेळण्याआधी फटी बुजवा. आईने जुन्या सुती साडीची लांब गुंडाळी शिवून दाराखाली टाकली, दुकानातल्या पंधरा पौंडांच्या वस्तूपेक्षा चांगली बसली. लेटरबॉक्सला आतून ब्रश मिळतो. पडदे जाड, पण रेडिएटरच्या पुढे लोंबू देऊ नका नाहीतर खिडकी तापते आणि तुम्ही नाही, सोफाही रेडिएटरला चिकटवू नका. स्वतःचं घर असेल तर माळ्यावर चढून ऊब अडवायला पसरलेली लोकर (इन्सुलेशन) किती जाड आहे ते मोजा, २७० मिलिमीटर सांगतात इथे, जुन्या घरांत ती बऱ्याचदा शंभरच असते.

विजेचे हीटर, आणि ते चौपट

दोन हजार वॉटचा ऑइल हीटर चार तास पूर्ण जोरात चालला की आठ युनिट, म्हणजे दोन पौंडांच्या वर, एका खोलीचे. रोज असं केलं तर महिन्याला साठ पौंड. कोणता हीटर "एनर्जी सेव्हिंग" आहे ह्या जाहिरातींना भुलू नका, विजेचा साधा हीटर कुठलाही घ्या, एका युनिटमागे उष्णता तेवढीच देतो. एकच माणूस एका लहान खोलीत तास-दोन तास काम करणार असेल तर ठीक, अख्खं घर तापवण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. पण त्याहून स्वस्त म्हणजे माणूस तापवायचा. शंभर वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट दोन तास म्हणजे पाचेक पेन्स. आईची शेकायची पिशवी आणि सामानात चार किलो वजन खाऊन आलेली गोधडी, ह्याला तर तेही नाही.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू उबेसाठी घरात आणायचा नाही, खिडकी उघडी असली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बॉयलर असलेल्या खोलीत त्याचा अलार्म हवाच, इंग्लंडात ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात तो बसवणं घरमालकाला बंधनकारक आहे. नसेल तर मागा.

ओल, म्हणजे आपला खास प्रॉब्लेम

आपण रोज कुकर लावतो, डाळ उकळतो, वरण-भात, चहा तीनदा, शिवाय थंडीत कपडे रेडिएटरवर वाळत घालतो. एका मशीनभर कपड्यांतून एक-दोन लिटर पाणी सहज हवेत जातं, आणि ते जाणार कुठे, तर गार भिंतीवर, गादीच्या मागे, कपाटात ठेवलेल्या पैठणीवर (हो, माझ्या). मग वरून घरमालक म्हणतो तुमच्या स्वयंपाकामुळे झालं. म्हणून शिट्ट्या होताना एक्स्ट्रॅक्टर पंखा चालू, स्वयंपाकघराचं दार बंद. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत, त्यामुळे वाटतं तितकी ऊब जात नाही. खिडकीच्या वरची ती बारीक झडप चिकटपट्टीने बुजवू नका, मी बुजवली होती. आठ-दहा पौंडांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घ्या, ४० ते ६० टक्क्यांत राहिलं पाहिजे. कपडे एका खोलीत दार लावून डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) लावून वाळवा, साधारण दोनशे वॉटचा असतो, सहा तासांचे तीसेक पेन्स होतात.

डिसेंबरात भारतात जाताना

लग्नसराई, सुट्ट्या, तीन-चार आठवड्यांसाठी आपण जातो आणि पैसे वाचावेत म्हणून बॉयलर सरळ बंद करून जातो. ते करू नका. पाइप गोठून फुटले तर परत याल तेव्हा छत खाली आलेलं असेल, आणि रिकाम्या घरात ठराविक ऊब ठेवली नव्हती म्हणून इन्शुरन्सवालाही हात वर करू शकतो, पॉलिसीत तो आकडा वाचून जा. थर्मोस्टॅट १२ वर, त्याच्या खोलीतला सोडून बाकीचे टीआरव्ही १-२ वर, आतली दारं उघडी, पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते शेजाऱ्याला दाखवून ठेवा.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड करून बंद पडला तर घाबरून लगेच माणूस बोलावू नका, आधी बाहेर जाऊन भिंतीवरची पांढरी प्लॅस्टिकची नळी बघा. कंडेन्सिंगचं पाणी त्यातून बाहेर जातं आणि तेच गोठतं. कोमट पाणी ओता, उकळतं नाही, मग बॉयलर रीसेट करा. आमची नळी एका जानेवारीत सकाळी सहाला गोठली तेव्हा बाबा कानटोपी घालून, आंघोळीचा तांब्या घेऊन बाहेर उभे होते, तिसऱ्या तांब्याला आतून बॉयलर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि आत येऊन त्यांनी आधी वहीत मीटरचं रीडिंग लिहिलं.